एनएमएसचा डम्प चढला, पण नेटवर्क दिसेना

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेलिकॉमच्या ट्रान्समिशन नेटवर्कचा एनएमएस (सगळी उपकरणं एका जागेवरून पाहणारी आणि चालवणारी व्यवस्था) सर्व्हर रेड ५ (एकच डिस्क गेली तर तग धरणारा डिस्कसंच) मधल्या दोन डिस्क गेल्यामुळे सकाळी ११:४० ला बसला. हाताशी त्याच दिवशी पहाटे २ वाजता घेतलेला पीजी-डम्प, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप, आहे. जुना सर्व्हर रेड हॅट ७ आणि पोस्टग्रेस ९.६ वर होता, नवा रॉकी लिनक्स ९ (रेड हॅट ९ चं मोफत रूप) आणि पोस्टग्रेस १३ वर आहे. एनएमएस इन्स्टॉल केलं, चालतंय का ते एकदा सुरू करून पाहिलं, मग डम्प चढवला. आता लॉगिन होतं, नकाशा दिसतो, पण सगळे एनई, म्हणजे नेटवर्कमधली उपकरणं, 'डिस्कनेक्टेड'. अलार्म एकही नाही. नवीन सर्किट बनवायला गेलं की 'डुप्लिकेट की' अशी चूक येते. दोन दिवस झालेत आणि मुख्य प्रश्न हा, की डम्प खराब आहे का? शेवटी हेही विचारलंय, की रोजच्या डम्पऐवजी काय?

डम्प बहुधा चांगला आहे. एनएमएस म्हणजे डेटाबेस असं धरून चाललात, तिथे गाडी अडली. पासवर्ड उघडणारी किल्ली, लायसन्स, स्टॅटिक राउट, एसएनएमपीची (उपकरणांशी बोलायच्या प्रोटोकॉलची) ओळख, ट्रॅप (एनईने स्वतःहून पाठवलेली अलार्मची सूचना) कुठे पाठवायचा याची एनईमधली नोंद, यातलं काहीही पीजी-डम्पमध्ये नसतं. शिवाय डम्प चढवण्याआधी अॅप्लिकेशन सुरू केलंत, त्याने वेगळाच घोळ झाला आहे. तुमची तीन लक्षणं तीन वेगळ्या कारणांची आहेत, त्यामुळे एकाच उपायाने तिन्ही जाणार नाहीत.

आधी एक गोष्ट, वरिष्ठांना सांगायलाही उपयोगी पडेल. एनएमएस बंद आहे म्हणून ट्रॅफिक थांबत नाही. क्रॉस-कनेक्ट (सर्किटच्या आतल्या जोडण्या) एनईच्या कार्डांवर आहेत, प्रोटेक्शन स्विचिंग (रस्ता तुटला की दुसऱ्यावर जाणं) एनई स्वतः करतात. तुम्ही आंधळे झाला आहात, नेटवर्क लुळं झालेलं नाही. म्हणून रोजच्या पाहणीसाठी महत्त्वाच्या नोडवर क्राफ्ट टर्मिनल (एनईला थेट जोडायचा लॅपटॉप) घेऊन माणूस बसवा आणि सर्व्हरचं काम घाई न करता करा. या कामात खरं नुकसान घाईनेच होतं. नेटवर्कमध्ये आज जे आहे ते खरं, आणि तुमचा डेटाबेस हा रात्री दोनचा फोटो आहे. अर्धवट उभ्या एनएमएसने तो जुना फोटो चालू एनईवर लिहायला सुरुवात केली, तर मात्र ट्रॅफिक नक्की जाईल.

म्हणून आत्ता लगेच एनएमएसच्या सेवा थांबवा आणि एनईंच्या बाजूचं नेटवर्क कार्ड खाली घ्या. एनई दिसत नाहीत हे या घडीला तुमचं नशीब समजा. परत आणलेल्या एनएमएसच्या दृष्टीने अजून परवाच्या रात्रीचे दोनच वाजलेत. त्यानंतरची सगळी नियोजित कामं त्याच्या हिशेबात थकलेली आहेत, आणि काही शेड्युलर थकलेली कामं सुरू होताच एका दमात चालवतात. त्यात एखाद्या रिंगचं सॉफ्टवेअर डाउनलोड किंवा कॉन्फिगरेशन ढकलण्याचं काम असेल तर काय होईल ते सांगायला नको.

आता डम्प तपासू. फाइल जी-झिप केलेली असेल तर आधी आकार पाहा. नेमकी २० बाइटची असेल तर आत काहीच नाही. रिकाम्या इनपुटला जी-झिप केलं की तेवढीच फाइल बनते. हे घडतं कसं, तर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीत) 'पीजी-डम्प पाइप जी-झिप' असं लिहिलेलं असतं, पासवर्ड बदलल्यामुळे पीजी-डम्प पडतो, पण पाइपचा एक्झिट कोड (यश-अपयशाची खूण) शेवटच्या कमांडचा धरला जातो आणि जी-झिप तर यशस्वी झालेलं असतं. स्क्रिप्टमध्ये 'पाइपफेल' (पाइपमधली कुठलीही कमांड पडली तर चूक दाखवणारी सोय) लावलेलं नसेल तर महिनोन्‌महिने हिरवी खूण दिसत राहते. तुमच्याकडे नकाशा दिसतोय म्हणजे डम्प रिकामा नाही, पण अर्धा असू शकतो. साध्या एसक्यूएल डम्पच्या अगदी शेवटी 'पोस्टग्रेस-क्यूएल डेटाबेस डम्प कम्प्लीट' अशी टिपण्णी असते. ती नसेल तर बॅकअप अर्धवट राहिला असं समजा आणि आदल्या रात्रीची फाइल काढा. कस्टम फॉरमॅट असेल तर पीजी-रिस्टोअरला फक्त यादी छापायला सांगा. यादी छापून आली म्हणजे डेटा शाबूत आहे असं मात्र नाही, कारण यादी फाइलच्या सुरुवातीलाच असते. खात्री हवी तर संपूर्ण डम्प एसक्यूएल म्हणून उलगडून 'डेव्ह-नल'मध्ये (जिथे सगळं टाकून दिलं जातं) ओता. तो चूक न देता शेवटपर्यंत गेला पाहिजे.

'डुप्लिकेट की' कुठून आली ते आता पाहू. तुम्ही एनएमएस एकदा सुरू केलंत तेव्हा त्याने स्वतःचा स्कीमा (टेबलांचा आराखडा) बनवला आणि सुरुवातीच्या काही ओळी भरल्या: अॅडमिन युजर, डिफॉल्ट डोमेन, अलार्मच्या पातळ्या. त्यावर तुम्ही डम्प चढवला. पोस्टग्रेसमध्ये एका टेबलाचा सगळा डेटा एकाच 'कॉपी' आदेशाने भरला जातो. त्यातली एक जरी ओळ आधीच्या ओळीला धडकली, तरी तो अख्खा आदेश रद्द होतो. डम्पमध्ये टेबलाच्या ४०,००० ओळी असोत, टेबलात राहतात त्या इन्स्टॉलरने टाकलेल्या तीनच. पुढच्या टेबलावर काम चालूच राहतं, स्क्रीनवर शेकडो ओळी वाहून जातात आणि 'झालं' असं वाटतं. जावातल्या बऱ्याच एनएमएसमध्ये पुढचा क्रमांक देण्यासाठी पोस्टग्रेसचा सिक्वेन्स वापरत नाहीत, 'पुढचा आयडी' ठेवणारं एक छोटं टेबल असतं. इन्स्टॉलरने त्यात आधीच ओळ टाकलेली, म्हणून डम्पमधली ओळ नाकारली गेली, मोजणी एकपासून सुरू झाली आणि सर्किटच्या टेबलात ते क्रमांक आधीच भरलेले. माझा कौल या कारणाला आहे. पीजी-रिस्टोअरच्या लॉगमध्ये 'कॉपी फेल्ड फॉर टेबल' शोधा. जितक्या वेळा सापडेल तितकी टेबलं तुमच्याकडे चुकीची आहेत. म्हणून हा डेटाबेस दुरुस्त करत बसू नका. टाकून द्या आणि पुन्हा चढवा.

चढवताना अॅप्लिकेशन बंद हवं, म्हणजे प्रोसेसच्या यादीतही दिसता कामा नये. वॉचडॉग असेल तर तोही बंद करा, नाहीतर तो दोन मिनिटांनी त्याला उठवून बसवेल. इन्स्टॉलरने बनवलेला डेटाबेस ड्रॉप करा आणि 'टेम्प्लेट-झीरो' या कोऱ्या साच्यावरून नवा बनवा, एन्कोडिंग जुन्यासारखंच ठेवा. स्टेशनांची नावं किंवा शेरे कुणी देवनागरीत लिहिले असतील तर एन्कोडिंगची चूक तिथे पहिल्यांदा दिसते. पीजी-डम्पमध्ये रोल (डेटाबेसची खाती) आणि त्यांचे पासवर्ड येत नाहीत, ते 'पीजी-डम्प-ऑल'ला 'ग्लोबल्स-ओन्ली' सांगून वेगळे घ्यावे लागतात. तुमच्याकडे ते नसणार, तेव्हा जुन्या नावाचेच रोल हाताने बनवा, नाहीतर मालकी आणि परवानग्यांच्या चुकांचा ढीग लागेल. मग 'एक्झिट-ऑन-एरर' लावून पीजी-रिस्टोअर चालवा. पहिल्या चुकीला थांबेल, चीड येईल, पण ती चूकच तर दिसायला हवी आहे. कस्टम किंवा डिरेक्टरी फॉरमॅट असेल तर चार जॉब समांतर चालतात. साध्या एसक्यूएलला ती सोय नाही, तिथे पीएसक्यूएलला 'ऑन-एरर-स्टॉप' सांगा. झाल्यावर 'अॅनालाइझ' चालवायला विसरू नका. ताज्या डेटाबेसात आकडेवारी नसते, म्हणून अलार्मचं पान दोन मिनिटं फिरत राहतं आणि लोक नव्या सर्व्हरला शिव्या देतात.

९.६ वरून १३ वर डम्पने जाणं साधारणपणे जमतं. टेबलं 'विथ ओआयडीज' प्रकारची (प्रत्येक ओळीला लपलेला क्रमांक ठेवणारी) असतील तर अडेल, कारण तो प्रकार १२ पासून बंद झाला. डम्पऐवजी डेटा डिरेक्टरीची कॉपी असती तर मात्र ती फक्त ९.६ वरच उघडली असती. शिवाय रेड हॅट ७ आणि ९ मध्ये जी-लिबसी ही मूळ लायब्ररी बदलल्यामुळे शब्दांचा क्रम लावण्याचे नियमही बदलले आहेत, तेव्हा मजकुराचे सगळे इंडेक्स नव्याने बांधावे लागले असते. डम्पमध्ये इंडेक्स मुळातच नव्याने बनतात, म्हणून ती डोकेदुखी तुम्हाला नाही.

खरा मुद्दा वेगळा आहे. उत्पादकाने तुमच्या एनएमएसची ही आवृत्ती रॉकी ९ आणि पोस्टग्रेस १३ वर चालेल असं सांगितलंय का? नसेल तर आधी रेड हॅट ७, पोस्टग्रेस ९.६ आणि एनएमएसची जुनीच आवृत्ती जुन्याच पॅचसह उभी करा. रेड हॅट ७ चा नेहमीचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला हे खरं, पण बंदिस्त मॅनेजमेंट नेटवर्कात काही आठवडे तो चालवणं आणि स्थलांतर नंतर शांतपणे करणं, हे रिकव्हरी आणि अपग्रेड एकत्र करण्यापेक्षा बरं. दोन्ही एकदम केलं की चूक कशामुळे आली तेच कळत नाही.

पुन्हा क्रमांकांकडे येतो, कारण इथे एक बारीक गोष्ट सुटते. डम्प नीट चढला की मोजणी रात्री दोनला होती तिथे येते. पण दोन ते ११:४० या काळात जुन्या एनएमएसने पुढचे क्रमांक वापरलेले आहेत आणि ते बाहेर गेलेले आहेत: वरच्या ओएसएसकडे (कंपनीभरचे अलार्म आणि तिकिटं सांभाळणाऱ्या व्यवस्थेकडे) अलार्म आयडी म्हणून, एनईवर सर्किटच्या लेबलात. नवा सर्व्हर तेच क्रमांक दुसऱ्या गोष्टींना देईल आणि ओएसएसमध्ये परवाच्या फायबर-कटच्या तिकिटावर आजचा फॅनचा अलार्म चिकटेल. म्हणून प्रत्येक मोजणी सरळ एक लाखाने पुढे ढकला. क्रमांक फुकटचे असतात.

आता 'डिस्कनेक्टेड'. यात सहसा तीन थर असतात. पहिला रस्ता. जुन्या सर्व्हरवर डीसीएनकडे (एनईंपर्यंत नेणाऱ्या मॅनेजमेंट नेटवर्ककडे) जाणारे स्टॅटिक राउट 'नेटवर्क-स्क्रिप्ट्स'मधल्या फायलींत होते. रॉकी ९ मध्ये ती पद्धतच राहिलेली नाही, राउट नेटवर्क-मॅनेजरमध्ये नव्याने द्यावे लागतात. एनई पिंग होतोय का ते पाहा, आणि एकच नाही, प्रत्येक सबनेटमधला एकेक. जुनाच आयपी नव्या सर्व्हरला दिला असेल तर राउटरवरचं एआरपी (कुठला आयपी कुठल्या कार्डाचा याची नोंद) साफ करा. दुसरा थर एन्क्रिप्शनचा. रॉकी ९ च्या डिफॉल्ट क्रिप्टो-पॉलिसीत एसएचए-१ ची स्वाक्षरी आणि टीएलएस १.० व १.१ बंद आहेत. दहा-बारा वर्षांपूर्वीचे बरेच एनई एसएसएचला (दुरून सुरक्षित लॉगिन करायच्या पद्धतीला) एसएचए-१ चीच स्वाक्षरी देतात. सर्व्हरवरून हाताने एसएसएच करून पाहा. 'नो मॅचिंग होस्ट की टाइप' आलं तर निदान झालं. एसएचए-१ साठीची उप-पॉलिसी चालू करता येते, पण ती पूर्ण सर्व्हरला लागू होते, म्हणून तो सर्व्हर मॅनेजमेंट नेटवर्कबाहेरून दिसता कामा नये. एनएमएस स्वतःचं जावा वापरत असेल तर जावाची बंद अल्गोरिदमची यादी वेगळी असते, तीही पाहा.

तिसरा थर सगळ्यात त्रासदायक. एनईचे पासवर्ड डेटाबेसात एन्क्रिप्ट करून ठेवलेले असतात आणि ते उघडणारी किल्ली डिस्कवर, अॅप्लिकेशनच्या कॉन्फिग फोल्डरमधल्या एका की-स्टोअर फाइलमध्ये असते. नव्या इन्स्टॉलने नवी किल्ली बनवली. जुनं कुलूप तिने उघडत नाही आणि एनएमएस एनईला पासवर्ड म्हणून कचरा पाठवत राहतं. तुमचं लॉगिन चालतं, कारण युजरचे पासवर्ड हॅश (उलट न उघडणारा ठसा) असतात, त्यांना ही किल्ली लागत नाही. लॉगमध्ये 'बॅड पॅडिंग' किंवा 'डिक्रिप्ट' हे शब्द शोधा. सापडले तर सेवा लगेच थांबवा, कारण चुकीच्या पासवर्डाने पुन्हा पुन्हा ठोठावलं की काही एनई खातंच कुलूपबंद करतात.

आणि म्हणून त्या जुन्या डिस्क फेकू नका. तुम्हाला त्यांच्यातून डेटाबेस नको आहे, काही केबींची की-स्टोअर फाइल आणि कॉन्फिग फोल्डर हवा आहे. रेड ५ मधल्या दोन डिस्क एकाच मिनिटाला क्वचित जातात. बहुतेकदा एक आधीच गेलेली असते आणि तिचा पिवळा दिवा कुणी पाहिलेला नसतो. त्यामुळे कंट्रोलरला 'फोर्स ऑनलाइन' सांगण्याआधी कुठली डिस्क आधी पडली ते कंट्रोलरच्या लॉगमध्ये पाहा. आधी पडलेल्या डिस्कवर शिळा डेटा आहे. ती आत घेतली तर पॅरिटीचं (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायच्या हिशेबाचं) भजं होईल. शेवटी पडलेली घ्यायची, तीही प्रत्येक डिस्कची डीडी-रेस्क्यूने कॉपी काढून झाल्यावर, आणि फाइल सिस्टीम फक्त वाचण्यापुरती माउंट करून. या डिस्क जपण्याला भारतात आणखी एक कारण आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात. तुमचे लॉग दुसरीकडे जात नसतील तर ते याच डिस्कवर आहेत. की-स्टोअर मिळालंच नाही तर एनईचे पासवर्ड पुन्हा भरायचे. डोमेनला एकच खातं असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे, प्रत्येक एनईला वेगळं असेल तर फाइलमधून एकगठ्ठा भरायची सोय आहे का ते शोधा.

अलार्म न येण्याचं कारण शोधायला टीसीपीडम्प (कार्डावर येणारी पॅकेट दाखवणारं साधन) पुरे. एनईच्या बाजूच्या कार्डवर, यूडीपी पोर्ट १६२, आणि क्राफ्ट टर्मिनलवाल्याला एखादा बिनवापराचा पोर्ट चालू-बंद करायला सांगा. पॅकेट दिसलं नाही तर एनईमध्ये ट्रॅपचा पत्ता जुना आहे किंवा वाटेत कुणीतरी अडवतंय. पॅकेट दिसतंय पण एनएमएसमध्ये अलार्म नाही, तर अडचण सर्व्हरच्या आत आहे, कारण टीसीपीडम्प फायरवॉलच्या आधी पाहतो. आत तीन संशयित. फायरवॉल-डी, जो नव्या सर्व्हरवर आपोआप चालू असतो. आरपी-फिल्टर: दोन नेटवर्क कार्डं असतील, ट्रॅप एकावर येत असेल आणि त्या पत्त्याकडे परतीचा रस्ता दुसऱ्या कार्डाने असेल, तर कर्नल पॅकेट मुकाट्याने टाकून देतो. म्हणजे राउट चुकले की हाही आजार मागोमाग येतो. आणि तिसरा, एसएनएमपी-व्ही-३, म्हणजे एसएनएमपीची सुरक्षित आवृत्ती.

व्ही-३ मध्ये ट्रॅप असेल तर पाठवणाऱ्या एनईची इंजिन आयडी (एसएनएमपीमधला ओळख-क्रमांक) प्रमाण मानतात, इन्फॉर्म (पोच मागणारी सूचना) असेल तर घेणाऱ्याची, म्हणजे तुमच्या एनएमएसची. ट्रॅपसाठी प्रत्येक एनईच्या इंजिन आयडीसोबत युजरची नोंद सर्व्हरवर लागते, आणि ती पुष्कळदा डेटाबेसात नसून ट्रॅप घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये असते. इन्फॉर्मचं दुखणं वेगळं. नव्या सर्व्हरला जुनीच इंजिन आयडी दिलीत, पण 'इंजिन बूट्स'ची (किती वेळा सुरू झाला याची) मोजणी एकपासून सुरू झाली. एनईला आठवतं की हा सर्व्हर ५७ व्या बूटवर होता. आता तो १ म्हणतोय म्हणजे जुना संदेश कुणीतरी पुन्हा पाठवतोय, असं समजून तो उत्तर नाकारतो. ही मोजणी जुन्यापेक्षा वर न्यायची. नेट-एसएनएमपी वापरत असाल तर ती रेड हॅट कुळात 'वार-लिब'खालच्या नेट-एसएनएमपी फोल्डरातल्या फाइलमध्ये असते, आणि प्रोग्रॅम बंद करूनच ती फाइल बदलायची, कारण बंद होताना तो ती पुन्हा लिहितो.

लायसन्स होस्ट आयडीला किंवा मॅक पत्त्याला बांधलेलं असेल तर उत्पादकाकडे तात्पुरतं लायसन्स आजच मागा, कारण त्या कामाचा वेग तुमच्या हातात नाही. वेळ आणि टाइमझोनही आत्ताच जुळवा. एनटीपी (घड्याळ जुळवणारी सेवा) लागलं नसेल किंवा सर्व्हर यूटीसीवर राहिला असेल तर परफॉर्मन्सचे १५ मिनिटांचे खाने साडेपाच तास सरकून बसतात, आणि ते नंतर दुरुस्त होत नाहीत.

हे सगळं झालं की क्रम असा: शेड्युलर, ऑटो-डिस्कव्हरी, ईमेल-एसएमएस आणि ओएसएसकडची जोडणी बंद ठेवून सेवा सुरू करा, मग एनईंच्या बाजूचं कार्ड वर घ्या, पण फायरवॉलमधून आधी एकच एनई सोडा, तोही कमी महत्त्वाचा. तो जोडला की त्याचं कॉन्फिगरेशन एनईकडून एनएमएसकडे ओढा. इथे 'अपलोड' आणि 'डाउनलोड' या शब्दांवर विसंबू नका. एका उत्पादकाच्या भाषेत अपलोड म्हणजे एनईकडून एनएमएसकडे, दुसऱ्याच्या भाषेत उलटं. मदतीचं पान उघडून दिशा वाचा आणि मगच बटण दाबा. एनएमएसने 'फरक सापडला, जुळवू का?' असं विचारलं तर फरकाची यादी आधी फाइलमध्ये उतरवा. मग पाच एनई, मग एक पूर्ण रिंग. प्रत्येक टप्प्यावर चालू अलार्म एनईकडून पुन्हा मागवा.

रात्री दोन ते ११:४० मधलं काय गेलं? त्या काळात बनवलेली सर्किटं एनईवर क्रॉस-कनेक्ट म्हणून आहेत, फक्त एनएमएसला त्यांचं नाव, ग्राहक आणि दोन्ही टोकांचा संबंध माहीत नाही. सिंकनंतर ती बेवारस क्रॉस-कनेक्ट म्हणून दिसतील. ती कुणी 'कचरा' समजून पुसू नयेत, म्हणून तोपर्यंत डिलीटची परवानगी एकाच माणसाकडे ठेवा. नावं परत लावायला चेंज तिकिटं, ईमेल आणि शिफ्टचं रजिस्टर कामाला येतं. याउलट त्या काळात काढून टाकलेली सर्किटं एनएमएसमध्ये जिवंत दिसतील, आणि 'दुरुस्त करा'वर बोट गेलं तर एनएमएस ती पुन्हा एनईवर बनवेल, कदाचित आता दुसऱ्या ग्राहकाला दिलेल्या टाइम-स्लॉटवर. सगळ्यात जपायची जागा हीच.

परफॉर्मन्सचा डेटा मात्र विसरा. एनई १५ मिनिटांचे मोजकेच खाने साठवतो. ३२ असतील तर आठ तास, ९६ असतील तर एक दिवस. दोन दिवस झाल्यावर अपघाताच्या आसपासचं काही उरलेलं नाही, जोडल्याच्या आधीचे काही तास तेवढे मिळतील. अहवालात ती रिकामी जागा रिकामीच दाखवा, शून्य भरू नका. शून्य एरर-सेकंद आणि माहिती नाही, यात एसएलएच्या (ग्राहकाशी केलेल्या सेवा-कराराच्या) हिशेबात फार फरक पडतो.

ओएसएसची जोडणी सगळ्यात शेवटी, आणि तीही तिकडच्या लोकांना फोन करून. इतके अलार्म एकदम वर गेले की त्यांच्याकडे आपोआप तिकिटं फुटतात आणि फील्डची माणसं नसलेल्या बिघाडांकडे धावतात. त्यांना त्या तासापुरती तिकिटं बंद ठेवायला सांगा, आधी जुने अलार्म क्लिअर करून घ्या, मग ताजी यादी पाठवा.

'रोजच्या डम्पऐवजी काय?' हेही तुम्ही शेवटी विचारलंय. डम्प चालू ठेवा, सोबत आठवड्याला एक पीजी-बेसबॅकअप (पूर्ण डेटा डिरेक्टरीची कॉपी) आणि सतत वॉल (प्रत्येक बदलाची नोंद) अर्काइव्ह दुसऱ्या मशीनवर. 'अर्काइव्ह टाइमआउट' (किती वेळाने चालू वॉल फाइल बाहेर पाठवायची) ३०० सेकंद ठेवलात तर जास्तीत जास्त साधारण पाच मिनिटांचं काम बुडेल. एक वॉल फाइल १६ एमबीची, शांत दिवशी २८८ फायली म्हणजे सुमारे साडेचार जीबी, आणि त्या बहुतांशी रिकाम्या असल्यामुळे दाबल्यावर फार लहान होतात. त्याच स्क्रिप्टमध्ये कॉन्फिग फोल्डर, की-स्टोअर, लायसन्स, राउटची यादी आणि एसएनएमपीची ती फाइलही उचला. की-स्टोअर आणि डम्प मात्र एकाच फोल्डरात ठेवू नका, नाहीतर ज्याच्या हाती तो फोल्डर लागेल त्याच्या हाती सगळ्या एनईंचे पासवर्ड लागले.

आधी लॉगमध्ये 'कॉपी फेल्ड' किती वेळा आहे आणि 'बॅड पॅडिंग' दिसतंय का, एवढं पाहून इथे लिहा. पुढचं त्यावरून ठरेल.